हवेतली धूळ एकच नसते : वेरूळच्या उजेडातून शिकवायचा धडा



वेरूळचं दहावं लेणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. विश्वकर्मा लेणं म्हणतात त्याला, लोकांच्या तोंडी ‘सुतार का झोपडा’. आत स्तूपासमोर बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे आणि दर्शनी भागात वरच्या मजल्यावर मोठी खिडकी. लेण्यांचा डोंगर पश्चिमेकडं तोंड करून उभा आहे. त्यामुळं मार्च महिन्यात दुपार कलली की सूर्याची किरणं त्या खिडकीतून थेट आत जातात आणि मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत पोचतात. दरवर्षी ते बघायला लोक जमतात.

दोन वर्षांपूर्वी मी सातवीची मुलं घेऊन गेलो होतो. किरणं आली, पण फिकी. मूर्ती उजळली म्हणण्यापेक्षा नुसती दिसू लागली, एवढंच. एका मुलीनं विचारलं, “सर, माझ्या दादाच्या फोटोत लई पिवळा धमक उजेड हाय. आज असा पाण्यात दूध पडल्यावाणी का?” मी म्हणालो, “हवेत धूळ आहे गं.” विषय संपला असं मला वाटलं. परत येताना एक मुलगा हळूच म्हणाला, “धूळ न्हाई सर, धूर हाय तो. कालच आमची पऱ्हाटी पेटवली.”

त्या दिवसापासून मला माझ्याच उत्तराची लाज वाटते. उत्तर अगदी चूक होतं असं नाही. पण ज्या मुलाला खरं उत्तर माहीत होतं त्याला ते हळूच सांगावं लागलं, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असून ‘धूळ’ या एका शब्दात सगळं गुंडाळून मोकळा झालो होतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपण शाळेत वायुप्रदूषण शिकवतो ते कारणं, परिणाम आणि उपाय या तीन मुद्द्यांत. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. हवेत नेमकं काय तरंगतंय, ते कशाचं बनलंय, आणि म्हणून आजचा उजेड असा का, हे आपण शिकवतच नाही. खरं तर याची प्रयोगशाळा रोज डोक्यावर असते, तीही फुकट.

दूध, काजळी आणि गेरू

सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘प्रकाशाचे परिणाम’ हा धडा आहे, त्यात विकिरण येतं. विकिरण म्हणजे प्रकाश कणांवर आदळून चारी दिशांना विखुरणं. हवेचे रेणू फार लहान असतात, ते निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा चार-पाच पट जास्त विखुरतात, म्हणून आभाळ निळं. मावळतीला प्रकाशाला हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो, वाटेत निळा गळून जातो आणि तांबडा उरतो. इथपर्यंत आपण सगळेच शिकवतो.

पण हवेत नुसते रेणू नसतात. मीठ, माती, काजळी, गंधकाचे क्षार, नायट्रेट, झाडापाल्याच्या धुरातले तेलकट कण, असं बरंच काही असतं. प्रत्येकाची प्रकाशाशी वागायची तऱ्हा वेगळी. मी आता वर्गात तीन ग्लास ठेवतो. तुम्हीही ठेवून बघा, घरीसुद्धा जमतं.

पहिल्या ग्लासात पाणी आणि दुधाचे दोन-तीन थेंब. खोलीत अंधार करून एका बाजूनं टॉर्च लावा. बाजूनं बघितलं तर पाणी निळसर दिसतं, समोरून बघितलं तर टॉर्चचा उजेड पिवळसर-तांबूस. दुधाचे कण प्रकाश फक्त विखुरतात, गिळत नाहीत. हवेतले गंधकाचे क्षार आणि समुद्रातलं मीठ असेच वागतात.

दुसऱ्या ग्लासात काजळी. दिव्याच्या ज्योतीवर वाटी धरून मिळवलेली, ती मोठ्या माणसानंच धरावी. काजळी पाण्यात मिसळत नाही, म्हणून साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. आता टॉर्च लावली की निळं नाही, तांबडं नाही, उजेडच कमी. काजळी प्रकाश गिळते, आणि गिळलेल्या प्रकाशाची उष्णता होते.

तिसऱ्या ग्लासात चिमूटभर गेरू. गेरूत लोहाचा ऑक्साइड असतो, तो निळा प्रकाश खातो आणि तांबडा सोडतो. आपल्या मातीतही लोह आहे. म्हणून वावटळीच्या दिवसांत आभाळ मळकट पिवळं दिसतं.

एवढं झालं की मुलांना एक प्रश्न विचारा : पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं? सगळी पोरं ओरडतात, “पाणी सुटतं!” मग सांगा, हवेतल्या मिठाच्या आणि गंधकाच्या क्षारांच्या कणांचंही तेच होतं. दमट हवेत ते पाणी ओढतात आणि फुगतात. फुगलेला कण सगळे रंग सारखेच विखुरतो, त्यामुळं आभाळ निळं न राहता पांढरट होतं. ताजी काजळी मात्र पाणी ओढत नाही. म्हणजे कण तेवढेच असले तरी ओलाव्याप्रमाणं उजेड बदलतो, आणि तो किती बदलेल हे कण कशाचा आहे त्यावर ठरतं. रसायनशास्त्र आणि प्रकाश हे दोन वेगळे धडे नाहीत, हे इथं मुलांच्या लक्षात येतं.

वेरूळचं वर्ष

आता हे ऋतूंना लावून बघू.

*पावसाळा.* नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून येतो, सोबत समुद्राच्या मिठाचे कण आणतो. ढगाळ, दमट दिवशी उजेड दुधाळ असतो. पण दोन दिवस चांगला पाऊस होऊन उघडीप पडली की बघा! हवेतले कण पावसानं धुऊन खाली आणलेले असतात. सीतेच्या न्हाणीवरचा धबधबा कोसळत असतो, आणि कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावरून पश्चिमेकडं पाहिलं तर लांबलांबची शेतं बांधासकट वेगळी दिसतात. आभाळाचा खरा निळा रंग मुलांना दाखवायचा असेल तर तो याच दिवसांत.

*ऑक्टोबर आणि दिवाळी.* पाऊस मागं सरतो, हवा कोरडी होते, सुरुवातीचे दिवस स्वच्छ असतात. मग दिवाळी येते. फटाक्यातला तांबडा रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा, पांढरा लखलखाट ॲल्युमिनियमचा किंवा मॅग्नेशियमचा. रंग क्षणभर दिसतो. पण ते धातू कुठं जात नाहीत, बारीक कण होऊन धुरात राहतात. बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली बंदी घातली, ती उगाच नाही. दहावीला मूलद्रव्यांचे गुणधर्म शिकवताना हे उदाहरण मुलं कधी विसरत नाहीत.

*हिवाळा.* रात्री जमीन गार पडते आणि तिच्याजवळची हवाही. वर मात्र ऊबदार हवेचा थर राहतो. तो झाकणासारखं काम करतो आणि धूर वर जाऊ देत नाही. शेकोट्या, चुली, पेटवलेला काडीकचरा, रस्त्यावरच्या गाड्या या सगळ्यांचा धूर गावाच्या डोक्यावर सकाळी आडवा पसरलेला दिसतो. त्यात कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांतून आणि कारखान्यांतून निघालेल्या गंधकाच्या वायूपासून बनलेले सल्फेट मिसळतात. युरिया आणि शेणामुतातून निघणारा अमोनिया गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून बनलेल्या आम्लाशी जुळून अमोनियम नायट्रेट होतो. हा क्षार थंडीत कण म्हणून टिकतो, ऊन तापलं की परत वायू होऊन जातो. म्हणून सकाळचा उजेड एक आणि दुपारचा दुसरा. मावळतीचा सूर्य अशा वेळी क्षितिजाला टेकायच्या आधीच निस्तेज तांबडा होऊन विरतो.

*उन्हाळा.* नांगरलेली रानं, कोरडा वारा, फुफाटा. तापलेली हवा वर चढते आणि धुळीला बरीच उंच नेते. त्यामुळं समोरचं झाड स्पष्ट दिसतं, पण डोक्यावरचं आभाळ मात्र फिकट, पांढरट-पिवळं. शिवाय वाळवंटी भागातली धूळही वाऱ्याबरोबर लांबून येते. आणि मार्चमध्ये, म्हणजे दहाव्या लेण्यात किरणं येतात त्याच सुमाराला, धूळ आणि पऱ्हाटीचा धूर दोन्ही एकत्र असतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

हे काही आपल्याच गावात होतं असं नाही. कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला असतो. किरणं पायांपासून चढत चेहऱ्यापर्यंत जावीत अशी सगळ्यांची आस असते. काही वर्षी ती मध्येच अडतात. वाटेतल्या बांधकामांचा अडथळा हे एक कारण, पण ढग, धूलिकण आणि हवेतला ओलावा हे दुसरं. ज्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी दगडात सूर्याचा रस्ता आखला त्यांचा हिशोब आजही बरोबर आहे. मधली हवा बदलली आहे.

आणि कण कशाचा आहे यानं किती फरक पडतो ते बघायचं असेल तर ज्वालामुखीकडं बघा. १८८३ साली क्राकाटोआ फुटला. जड राख लवकर खाली बसली, पण गंधकाच्या वायूपासून बनलेले बारीक थेंब आभाळात उंचावर टिकले आणि जगभर कित्येक महिने मावळती लालभडक दिसत राहिली. १९९१ साली पिनाटुबो फुटला तेव्हा अशाच थेंबांनी सूर्यप्रकाश परत फेकला आणि पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. काजळी याच्या उलट वागते, हवा तापवते. दोन्ही ‘कण’च. म्हणून नुसतं ‘धूलिकण’ म्हणून भागत नाही.

हे का शिकवायचं?

तुम्ही म्हणाल, सर, उजेड फिका काय नि पिवळा काय, त्यानं काय बिघडतं? म्हणून मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

पूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथं शनिवारी सफाई असायची. झाडलोट झाली की पाला, कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या एका कोपऱ्यात ओढायच्या आणि पेटवून द्यायच्या. काडी ओढायला मीच सांगायचो. वर्गात एक मुलगा होता, त्याला थंडीत दम लागायचा. शनिवारी तो हमखास गैरहजर. मी त्याला आळशी म्हणायचो. एकदा त्याची आई आली नि म्हणाली, “सर, शनिवारी धूर असतो ना, म्हणून मीच पाठवत नाही.” मी ‘वायुप्रदूषणाचे दुष्परिणाम’ शुक्रवारी शिकवत होतो आणि शनिवारी घडवत होतो.

माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. धुरातले कण बहुतेक याच गटातले. जे कण उजेड सगळ्यात जास्त अडवतात तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत जाण्याइतके बारीक असतात. आपल्या देशाच्या मानकानुसार पीएम २.५ चं २४ तासांचं सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलेली पातळी १५ आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही त्यांच्या यादीत आपलं संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, होतं. पण शहरातल्या केंद्रावरचा आकडा खेड्यातल्या शाळेच्या पटांगणाला लागू पडेलच असं नाही. पटांगणातली हवा आपल्यालाच बघावी लागते.

शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही

इथं एक सांभाळून बोलायची गोष्ट आहे. आपल्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची. ‘शेतात आग लावणारे प्रदूषण करतात’ असं फळ्यावर लिहिलं की ते मूल खाली मान घालतं. त्या मुलानं मला हळूच का सांगितलं असेल? कारण त्याला वाटलं, आपल्या बापाची चूक उघडी पडतेय.

मी पालकसभेत विषय काढला तेव्हा एक पालक म्हणाले, “सर, पऱ्हाटी ठेवू कुठं? बांधावर रचली तर बोंडअळी परत येती. कृषीवालेच म्हणतात, वेळेत रान मोकळं करा, फरदड घेऊ नका.” बरोबर आहे त्यांचं. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वेळेत काढून तिची विल्हेवाट लावायलाच पाहिजे. प्रश्न फक्त जाळण्याचा आहे. यंत्रानं बारीक करून जमिनीत मिसळता येते, खड्ड्यात कुजवता येते. पण यंत्राला भाडं लागतं, कुजायला वेळ लागतो, आणि काडेपेटी स्वस्त आहे. हा हिशोब मुलांना वर्गात मांडू द्या. भाडं किती, मजुरी किती, जमिनीला खत किती मिळालं. गणिताचा तास झाला, शेतीचाही झाला. बाप गुन्हेगार ठरत नाही आणि प्रश्नही झाकला जात नाही.

मात्र शेतकऱ्याला सांगायच्या आधी शाळेनं आपली काडेपेटी खिशात घातली पाहिजे. आमच्याकडं आता पाल्यासाठी खड्डा आहे. तो नीट चालतो असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात वास येतो, डास होतात, मग वरून माती टाकावी लागते. पण शनिवारी धूर होत नाही.

आभाळाची वही

आता कामाचं. प्रत्येक शाळेत एक ‘आभाळाची वही’ असावी असं मला वाटतं. हजेरीपटासारखी रोजची. खर्च एका दोनशेपानी वहीचा.

१. लांबीनं वेगवेगळ्या तीन खुणा ठरवा. वेरूळच्या शाळेला घृष्णेश्वराचं शिखर, लेण्यांचा डोंगर आणि त्याच्या पलीकडचं काही. मी शहरातून येतो, म्हणून दौलताबादच्या घाटातून दिसणारा देवगिरीचा किल्ला ही माझी खूण. रोज लिहायचं : स्पष्ट, पुसट, की दिसत नाही.

२. डोक्यावरच्या आभाळाचा रंग आणि क्षितिजाजवळचा रंग वेगवेगळे लिहा. निळा, पांढरट, पिवळट, करडा.

३. पटांगणात एक काठी रोवा आणि तिची सावली बघा. कडा ठळक की पुसट? हवेत कण जास्त असले की सावली फिकी पडते. सूर्याकडं थेट बघायचं नाही, मावळतीलाही नाही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

४. हवेतला ओलावा. दोन थर्मामीटर, एकाला ओलं फडकं. दोघांतलं अंतर कमी म्हणजे हवा दमट. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं धुकं पडलं तरी डोंगर दिसत नाही, आणि धुकं म्हणजे प्रदूषण नव्हे. अंतर मोठं असूनही डोंगर पुसट असेल तर मात्र धूर किंवा धूळ शोधा.

५. वारा कुठून आहे आणि जवळपास काय पेटलंय, हे लिहा. नाव कुणाचंच लिहायचं नाही. ‘पूर्वेला शेतात धूर’ एवढंच.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. आभाळ निळं म्हणजे हवा चांगली, असं नेहमीच नसतं. उन्हाळ्यात जमिनीजवळ तयार होणारा ओझोन वायू डोळ्यांना दिसत नाही, पण छातीला त्रास देतो. आणि लाल मावळती म्हणजे प्रदूषणच, असंही नाही. वही आपल्याला खुणा देते. खात्री करायला यंत्र लागतं. विज्ञानात दोन्हींना जागा आहे.

‘वेळ कुठाय?’

हा प्रश्न येणारच. माहिती भरा, फोटो टाका, चाचण्या घ्या, त्यात हे आणखी कुठं? मला मान्य आहे. पण वही लिहायला परिपाठानंतर पाच मिनिटं पुरतात, आणि ती मुलंच लिहितात. त्या पाच मिनिटांत विकिरण, क्षार, आर्द्रता, वारे, तापमान आणि निरीक्षण नोंदवण्याची शिस्त एवढं सगळं येतं. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, तो सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाचा दिवस. त्या वाटेची सुरुवात कुठून झाली? १९२१ साली जहाजातून येताना समुद्र निळा का दिसतो, हा प्रश्न त्यांना पडला तिथून. सगळे म्हणत होते, आभाळाचं प्रतिबिंब. त्यांनी ते नुसतं मानलं नाही, तपासून बघितलं. आपण त्या दिवशी मुलांकडून भाषणं पाठ करून घेतो. त्याऐवजी वहीतली वर्षभराची पानं भिंतीवर लावली तर?

पालकांना एकच विनंती. संध्याकाळी पोरगं विचारील, “आज सूर्य असा का?” तेव्हा “धूळ आहे” म्हणून मोकळं होऊ नका, मी झालो तसे. त्यालाच विचारा, “कशाची असंल रे?” आणि शेजारी उभं राहून थोडा वेळ बघा.

यंदा मार्चमध्ये पुन्हा दहाव्या लेण्यात मुलं न्यायची आहेत. आधीच्या पंधरा दिवसांची नोंद वहीत असेल. किरणं ठळक येतील की फिकी, याचा अंदाज मुलं निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवतील. अंदाज चुकला तर आणखी चांगलं, कारण मग त्यांना विचारायला नवीन प्रश्न मिळेल. आणि पऱ्हाटीवाल्या त्या मुलाला मी शोधतोय. तो आता नववीत आहे. या वर्षी सातवीला विकिरण त्यानं शिकवावं अशी माझी इच्छा आहे, आणि या वेळी मोठ्या आवाजात.